काचेवरची चकाकी

आमच्या दप्तरखान्यात कचरा वेगळा काढणारं यंत्र आलं आणि पहिल्याच आठवड्यात मी त्या कचऱ्याच्या नादी लागले. यंत्राचा यात दोष नाही. त्यानं सांगितलेलं काम चोख केलं.

दप्तरखाना सांगलीच्या गावभागात आहे, नदीपासून हाकेच्या अंतरावर. दप्तरखाना म्हणायचं ते सवयीनं, कारण दप्तर आता उरलेलं नाही. कृष्णाकाठच्या गावांची जुनी कागदपत्रं, मोडीतली पत्रं, पाण्याच्या पाळ्यांवरून झालेले तंटे, देवस्थानांच्या सनदा, हे सगळं रुमालांत बांधून तळमजल्यावर ठेवलेलं होतं आणि एका महापुरात त्याचा लगदा झाला. वाचली ती फक्त वरच्या मजल्यावर पत्र्याच्या डब्यांत ठेवलेली मायक्रोफिल्मची रिळं. त्या रिळांची मी विभागप्रमुख. नाव मेहरुन मुजावर. विभागात मी एकटीच असल्यामुळे प्रमुख होणं फारसं जड गेलं नाही.

मायक्रोफिल्म म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. कागद टेबलावर पसरायचा, वरून जाड काच दाबायची म्हणजे सुरकुत्या सपाट होतात, दोन्ही बाजूंनी दिवे लावायचे आणि खांबाला टांगलेल्या कॅमेऱ्यानं वरून फोटो घ्यायचा. आख्खं पान नखाएवढ्या चौकोनात उतरतं. चांदीच्या क्षारांची ही फिल्म नीट सांभाळली तर काही शतकं टिकते. वाचायला संगणक लागत नाही, भिंग आणि उजेड पुरतो. दोन हजार सालाच्या आसपास आमच्या संस्थेनं हा खटाटोप केला, तेव्हा लोक हसले होते. महापुरानंतर तेच लोक डबे बघायला आले आणि हळूच हात लावून गेले.

पण काच म्हटली की चकाकी आली. काचेवर पडलेल्या उजेडातला थोडासा वाटा परत फिरतो. तो फिल्मवर पांढुरक्या ढगासारखा बसतो आणि नेमकी पानाच्या कडेची अक्षरं खातो. मूळ कागद असता तर काढून बघितला असता. तेव्हा फिल्मवरची चकाकी उतरवून खालची अक्षरं मोकळी करणारं यंत्र यंदा आम्ही भाड्यानं आणलं. त्याचं भारदस्त नाव 'थर-विलगक'. आम्ही त्याला चाळणी म्हणतो.

चाळणीचं डोकं एका साध्या गोष्टीवर चालतं. शाई पानाची असते, चकाकी पानाची नसते. एकाच पानाचे दोन फोटो मिळाले तर शाई दोन्हींत त्याच जागी सापडते, पण चकाकी हललेली असते, कारण मधल्या वेळात कुणीतरी मान वळवलेली असते, कुणाचा तरी हात मागे गेलेला असतो. हललं ते वरचं, जागच्या जागी राहिलं ते कागदावरचं. असे जोड-फोटो पुरेसे मिळाले की यंत्र त्या खोलीतला उजेड शिकतं आणि मग एकेरी फोटोंतूनही दोन थर अलग करतं. एका बाजूला स्वच्छ पान निघतं, दुसऱ्या बाजूला काढून टाकलेली चकाकी साचते.

आता ही काढून टाकलेली चकाकी म्हणजे शेवटी काचेत पडलेलं प्रतिबिंबच की. फिल्मवर ते ढगासारखं दिसत असलं तरी त्यात खोली असते. हजारो ढग एकावर एक ठेवून, त्यांचा धूसरपणा मोजून, यंत्र त्यांना परत रेखीव करतं, कारण तसं केल्याशिवाय त्याला ते नीट पुसता येत नाहीत. चाळणीच्या कचरापेटीत मी सहज डोकावले. तिथं छत होतं, पंखा होता, कॅमेऱ्याचा तळ होता आणि काचेच्या समोरासमोरच्या कडांवर ओणवलेली दोन माणसं होती.

दोघांनाही मी ओळखत होते.

*

कॅमेऱ्यावर पायगोंडा मगदूम. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. महापुरानंतर ओलीनं बुरसलेली रिळं धुवायला संस्थेनं त्यांना परत बोलावलं होतं आणि फिल्म हातात कशी धरायची हे मला त्यांनी शिकवलं. समोर पानं पलटायला शालन चौगुले, म्हणजे शालनअक्का. दोघांनी एकाच टेबलावर अकरा वर्षं काम केलं.

त्या खोलीचा नियम मला अण्णांनीच सांगितला होता. बोलायचं नाही. बोललं की तोंडाची वाफ काचेवर बसते आणि पान खराब येतं. त्यामुळे दिवसभर तीनच शब्द. अक्का काच उचलायच्या, पान उलटायच्या, काच ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पलटलं." अण्णा पायाखालचं पेडल दाबायचे आणि म्हणायचे, "घेतलं." फोटो बिघडला असं वाटलं तर तिसरा शब्द, "पुन्हा." मग तेच पान परत.

या तिसऱ्या शब्दानं अण्णांचं नाव खराब झालं होतं. इतर कॅमेरेवाल्यांची दिवसाला दोनचार पानं बिघडायची तिथं यांची वीसपंचवीस. वरच्या साहेबानं फिल्मची नासाडी करतो म्हणून त्यांची एक वेतनवाढ रोखली होती. अण्णा ही गोष्ट हसत सांगायचे. "माझा डोळाच तसा, काय करतीस," म्हणायचे.

चाळणीला मात्र ही नासाडी पर्वणी ठरली. इतर जोड्यांच्या रिळांवर ती अडखळत होती, कारण तिथं एका पानाचा एकच फोटो. अण्णांच्या रिळांत जागोजाग एकाच पानाचे दोन-दोन फोटो, दोन्ही तितकेच स्वच्छ. यंत्र त्यांच्याच रिळांवर शहाणं झालं आणि मग त्या शहाणपणावर बाकीची सगळी रिळं साफ केली. पाणीवाटपाच्या एका तंट्याचा निकाल, जो इतकी वर्षं ढगाखाली होता, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. आमचे संचालक इनामदारसाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. मला अण्णांची वेतनवाढ आठवली आणि मनापासून आनंद झाला.

मग मी विचार केला की दोन्ही फोटो स्वच्छ होते, तर अण्णांनी "पुन्हा" म्हटलं कशाला?

कचऱ्याचा थर मी एकामागून एक भरभर सरकवला. फोटो एकामागून एक पळायला लागले आणि थरथरत का होईना, सिनेमा सुरू झाला. तरुण अण्णा, डोक्यावर दाट केस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. तरुण अक्का, दोन वेण्या घालायचं वय सरून नुकताच अंबाडा बांधायला लागलेल्या. अक्कांची मान खाली, दोन्ही हात काचेच्या कडेवर, आणि अण्णा काचेत बघताहेत. कागदाकडे नाही. काचेतल्या अक्कांकडे. पुढच्या फोटोत अण्णांची मान खाली, ते उजेडाचं मीटर वाचताहेत, आणि अक्का काचेत बघताहेत. काचेतल्या अण्णांकडे.

मी थांबले, मागे गेले, परत पुढे आले. रीळ बदललं, वर्ष बदललं. अक्कांच्या स्वेटरचा रंग काळ्यापांढऱ्यातही बदललेला कळत होता. पण खेळ तोच. एकाची नजर वर तेव्हा दुसऱ्याची खाली. हजारो फोटोंत एकदासुद्धा गाठ नाही. एकाला दुसऱ्याची झुकलेली मानच तेवढी दिसायची, आणि दोघांनी त्याचा एकच अर्थ काढला असणार.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला हसू आलं. नंतर दोघांचाही राग आला, कारण दोघंही अजून एकटे आहेत.

*

आता कायदा. जुन्या फोटोंतल्या चष्म्यांत, पितळी भांड्यांत, मोटारींच्या आरशांत कोण दिसतं हे यंत्रं शोधायला लागली तेव्हा फार भांडणं झाली, आणि दोन वर्षांपूर्वी अनाहूत प्रतिबिंब कायदा आला. एखाद्याचं प्रतिबिंब असं आपोआप सापडलं आणि तो माणूस हयात असला, तर त्याला कळवायचं. ठेवायचं की पुसायचं, हे तो ठरवणार. तोवर कुणाला दाखवायचं नाही आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायचं नाही. ओळख पटवायला मी बघितलं तेवढंच चालतं.

माझ्या पोटात काही राहत नाही हे आख्ख्या गावभागाला ठाऊक आहे. त्या आठवड्यात मी घरी इतकी गप्प होते की नवऱ्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

अण्णा हरिपूरला राहतात. मी गेले तेव्हा ते अंगणात हळकुंडं निवडत बसले होते. थोरल्या भावाच्या शेतातली हळद. लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली होती तोवर ती सबब होती आणि नंतर वय झालं.

"अण्णा, चाळणीनं काचेवरची चकाकी उतरवली. त्यात तुम्ही दिसताय."

"मी?"

"तुम्ही. आणि सोबत आणखी एक व्यक्ती. नाव सांगायला मला बंदी आहे."

"त्या खोलीत तिसरं कोण हुतं गं?" ते हसले. मग हसणं थांबलं. हातातलं हळकुंड त्यांनी सुपात ठेवलं. "काचेत म्हणजे... मी कुठं बघालोय, ते दिसतंय?"

"दिसतंय."

अण्णांचे कान लाल झाले. सत्तरीला टेकलेल्या माणसाचे कान असे लाल होतात हे मी पहिल्यांदाच बघितलं.

"पुसून टाक," ते म्हणाले.

"बघून तर घ्या एकदा."

"मेहरू, पुसून टाक म्हणलं न्हवं. ती बाई अकरा वर्षं मान खाली घालून काम करत हुती. एकदा वर बघितलं न्हाई. आता ह्या वयात तिला कळायचं, की समोरचा बाबा कागद सोडून तिच्याकडं बघत बसला हुता. काय वाटंल तिला? बाजारात भेटली तर 'बरं हाय का' म्हणती, तेवढं तरी ऱ्हाऊ दे."

शब्द अगदी जिभेच्या टोकाला आले होते. मी हळकुंडं निवडायला लागले.

*

शालनअक्का खणभागात, दोन खोल्यांत. दार उघडंच होतं आणि आत भांड्यांचे ढीग. अक्का बालवाडीतून निवृत्त झाल्यात. दोन धाकटे भाऊ शिकवले, त्यांची लग्नं केली, आणि त्यातल्या एकाचा मुलगा उदय हुबळीला असतो. तो दिवाळीनंतर अक्कांना कायमचं हुबळीला न्यायला येणार होता.

"बरं झालं आलीस, हा पोळपाट घेऊन जा," अक्का म्हणाल्या. "तिकडं सूनबाई यंत्रावर पोळ्या करती. माझा पोळपाट बघून तिला झीट येईल."

"जायचं मनापासून आहे का?"

"मनाचं कोण इचारतंय. उदय चांगला हाय. म्हणतो, आत्या, तुझं इथं आता काय हाय. मी पण शोधलं. सांगण्यासारखं काय सापडलं न्हाई."

मी चकाकीचं सांगितलं. अक्का खाली बसल्या. पदर डोक्यावर घेतला, जणू खोलीत कुणी मोठं माणूस आलं होतं.

"आता गं बया," त्या हळूच म्हणाल्या. "त्यात मी बघताना दिसतीया?"

"हो."

"पुसून टाक. आजच पुसून टाक. अण्णा म्हणजे देवमाणूस. अकरा वर्षांत कधी नजर वर करून बघितलं न्हाई माझ्याकडं. आणि मी बघत हुते. भावांची शिक्षणं डोक्यावर, घरात सांगायची सोय न्हाई, तेवढंच एक सुख हुतं मला, ते पण चोरून. त्यांना कळलं तर माझी काय किंमत ऱ्हाईल? तू बघितलंस ते पण मला सोसंना झालंय."

पोळपाट काखेत मारून मी रस्त्यावर आले आणि एका झाडाखाली बराच वेळ उभी राहिले. दोघांचं म्हणणं एकच होतं आणि दोघांनाही ते सांगायला मला मनाई होती. अक्का हुबळीला गेल्या की सगळं संपलं. पुसून टाक असं दोघांनी सांगितलंच होतं. कायद्याप्रमाणे मला पुसणं भाग होतं.

तेव्हा मी कायदाच वाचायला घेतला. आख्खा, टिपांसकट, जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून. कायदा करणाऱ्यांना वाईट अनुभव आले असावेत. एकानं घाईघाईत पुसून दुसऱ्याचा पुरावा नाहीसा केला, असं काहीतरी. म्हणून त्यांनी एक नियम घालून ठेवला होता. प्रतिबिंब सामाईक असेल, तर ते पुसण्यापूर्वी त्यातल्या सगळ्या हयात माणसांनी एकत्र बसून, प्रत्येक फोटो डोळ्यांनी बघून, प्रत्येकानं आपापलं बटण दाबायचं. बटणं तीन. 'पुसा', 'ठेवा' आणि 'नंतर ठरवू'.

मी दोघांना रीतसर नोटीस पाठवली. कायदा मी मोडला नाही. उलट आजवर कुणी पाळला नसेल इतका तो नेमका पाळला.

*

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला सोमवार. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. अक्का जांभळी इरकल साडी नेसून आल्या. दारातच गाठ पडली.

"बरं हाय का?"

"हाय की. तुमचं?"

"चाललंय."

मी त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. ती जुनीच खोली. कॅमेऱ्याचा खांब अजून उभा आहे, त्याखालचं टेबलही तेच, फक्त काचेच्या जागी आता आडवा पडदा बसवलाय. बसा म्हणायची वेळ आली नाही. अण्णा उजव्या बाजूला गेले, अक्का डाव्या, आणि दोघं आपापल्या स्टुलावर बसले. अण्णांचा पाय टेबलाखाली पेडल शोधत होता. ते काढून फार वर्षं झाली.

"फोटो येईल. बघायचं आणि बटण दाबायचं," मी सांगितलं. "दोघांचं एकमत झालं तरच पुसला जातो."

पहिला फोटो. दोघांच्याही माना खाली. दोघांनी दाबलं, गेला. दुसराही तसाच. अण्णांनी सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला.

तिसऱ्यात अण्णा अक्कांकडे बघत होते. पडदाभर, स्पष्ट, ओठ जरासे उघडे राहिलेले. अण्णांनी इतक्या घाईनं 'पुसा' दाबलं की टेबल हललं. अक्कांचा हात जागचा हलला नाही.

"दुसऱ्या संमतीची वाट पाहत आहे," यंत्र म्हणालं.

"दाबा की," अण्णा टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले.

"थांबा. चष्मा पुसते."

अक्कांनी चष्मा पुसला, घातला, परत काढून परत पुसला. "दुसऱ्या संमतीची वाट पाहत आहे," यंत्र पुन्हा म्हणालं. त्याला सक्तीनं गप्प करायची किल्ली माझ्याकडे होती. मी ती वापरली.

"माझ्याकडं बघालायसा," अक्का म्हणाल्या.

"काचेकडं बघत हुतो. डाग हुता."

"डाग."

"हं."

अक्कांनी 'नंतर ठरवू' दाबलं. पुढचा फोटो आला आणि त्यात अण्णांची मान खाली होती आणि अक्का बघत होत्या. चोवीस-पंचवीस वर्षांची पोर, हनुवटीवर हात, पान उलटायचं विसरलेली. आता अक्कांचा हात बटणाकडे धावला. पण अण्णांनी आपला हात मांडीखाली घातला होता.

अण्णा त्या फोटोकडे असे बघत होते, की मला तिथं उभं राहणं बरोबर वाटेना. तरी मी उभी राहिले. नियमानं साक्षीदार लागतो.

"तुम्ही पण डागच बघत हुता काय?" अण्णांनी विचारलं.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. खांदे हलत होते, आवाज दाबलेला, वाफ काचेवर बसू नये म्हणून अकरा वर्षं दाबायची सवय झालेला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला बघत हुते. डाग मला एक दिसला न्हाई."

मग फोटो एकेक येत राहिले आणि दोघंही 'नंतर ठरवू' दाबत राहिले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्या पानाचा मूळ फोटोही छोटा दिसत होता, आणि मध्येच एक पान दोनदा आलं. अक्का पुढे वाकल्या. पानं वाचायची नसून पलटायची असतात असं त्या म्हणायच्या, पण पान कुठलं स्वच्छ आणि कुठलं खराब, हे त्यांना नक्की कळायचं.

"ह्यात काय बिघडलं हुतं? चांगलं तर आलंय."

अण्णांचा पाय परत पेडल शोधायला लागला.

"आणि हे बघा. हे पण चांगलं हुतं. हे पण." अक्का फोटो मागे-पुढे करायला लागल्या. "तुमची वाढ रोखली साहेबानं ह्यापायी. मला वाटायचं, माझा हात हलतो म्हणून पान बिघडतंय. घरी जाऊन रडले मी एकदा. मग पुन्हा का म्हणत हुतासा?"

अण्णांनी घसा साफ केला. मोठ्या कष्टानं, शब्द मोजून दिल्यासारखे ते बोलले.

"पुन्हा म्हणलं की तुम्ही मान वर कराल असं वाटायचं. जरा रागानं तरी बघाल. तेवढंच."

"पण मी वर बघायची तवा तुम्ही मीटरकडं बघत असायचा."

"भ्या वाटायचं."

"कुणाचं?"

"तुमचंच की."

अक्का आता उघड हसल्या. इतक्या मोठ्यानं, की खालून इनामदारसाहेबांनी काय झालं म्हणून विचारायला फोन केला. मी सांगितलं, कायद्याची अंमलबजावणी चालू आहे.

अण्णाही हसायला लागले. मग हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. म्हणाले, "लई वेळ घालवला ओ आपण." अक्का म्हणाल्या, "घालवला खरा." गेलेली तीस वर्षं कुठलीही चाळणी परत काढून देत नाही, हे तिथं आम्हा तिघांनाही कळत होतं.

मग अक्का माझ्याकडे वळल्या. "मेहरुन, असे फोटो किती हायत?"

"तुमच्या जोडीची सगळी रिळं धरली तर लाखाच्या घरात."

"ह्या चालीनं किती दिवस लागतील?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सकाळपासून त्यांनी साठेक फोटो बघितले होते आणि पुसले होते दोन. "रोज आलात तरी चार-पाच वर्षं. त्यात 'नंतर ठरवू' म्हटलेले परत दाखवावे लागतात. तसा नियमच आहे."

"आणि अर्ध्यावर सोडता येतंय?"

"मला तरी तसं कलम सापडलं नाही," मी म्हणाले. इतकी खरी गोष्ट मी इतक्या आनंदानं कधी सांगितली नव्हती.

अक्कांनी पिशवीतून फोन काढला, लांब धरला आणि हुबळीला लावला. खोली लहान, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"उदय, गाडी ठरवू नगंस."

"का गं आत्या? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय झालंय. ऑफिसचं काम निघालंय."

"कसलं ऑफिस? तू निवृत्त होऊन किती वर्षं झाली."

"जुनं काम हाय, अर्धवट ऱ्हायलेलं. कायद्याचं हाय बाबा, टाळता येत न्हाई. चार-पाच वर्षं तरी लागतील." मग अण्णांकडे बघत म्हणाल्या, "दिवाळीला तूच ये सगळ्यांना घेऊन. एका माणसाची गाठ घालून द्यायची हाय."

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "तेवढा माझा पोळपाट परत आणून दे गं उद्या."

मी हो म्हटलं. दाराशी जाऊन उभी राहिले, कारण माझे डोळे भरून वाहत होते आणि साक्षीदारानं असं रडावं की नाही, याबद्दल कायद्यात काहीच म्हटलेलं नाही.

पडद्यावर आणखी एक फोटो होता. दोघांनीही 'नंतर ठरवू' दाबलं आणि पुढचा यायच्या आधी पडदा काळा झाला, तसा तो दर वेळी क्षणभर होतोच. त्या काळ्या काचेत दोन माणसं ओणवलेली दिसली. दोघांचेही केस पांढरे, दोघांचेही चष्मे नाकावर घसरलेले. अक्का काचेत बघत होत्या. अण्णाही काचेत बघत होते. या वेळी कुणीच मान खाली घातली नाही.

"घेतलं," अण्णा सवयीनं म्हणाले.

अक्कांनी पलटलं म्हणायला हवं होतं. त्यांनी हात टेबलावर तसाच राहू दिला.

"पुन्हा," अक्का म्हणाल्या.